सेशन फाइलमधली रिकामी जागा: कॉम्प्रेसरच्या इतिहासातून पुराव्याबद्दल शिकलेली एक गोष्ट

मागच्या पोस्टमध्ये संशोधनाचा प्रश्न लहान कसा करत न्यायचा याबद्दल लिहिलं होतं. या वेळी एका चुकीबद्दल लिहिते. चूक माझीच आहे आणि ती वेळेत सापडली, म्हणून आज तिच्याबद्दल निवांतपणे लिहिता येतंय.

माझ्या प्रबंधातलं एक प्रकरण आहे ध्वनिमुद्रण संगणकावर आल्यानंतरच्या काळाबद्दल. त्यासाठी पुण्यातल्या एका छोट्या स्टुडिओनं त्यांच्या जुन्या सेशन फाइली मला अभ्यासायला दिल्या. सेशन फाइल म्हणजे रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरनं जपून ठेवलेली कामाची वही. कुठला ट्रॅक, त्याची पातळी किती, त्यावर कुठले प्लगइन, त्यांचे आकडे काय, सगळं तिच्यात असतं. कागदपत्रांसाठी दप्तरखान्यात धूळ खाल्लेल्या माणसाला असा पुरावा म्हणजे पर्वणीच! मी एकेक फाइल उघडली, ट्रॅकवार प्लगइनची यादी केली, तक्ता बनवला. तक्त्यात दिसलं की गायकांच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर जवळपास नाहीच. मग मी लिहून टाकलं, "या स्टुडिओत गायनावर कॉम्प्रेशन टाळलं जाई."

गाईड मॅडमनी त्या वाक्यासमोर पेन्सिलीनं तीनच शब्द लिहिले: "कुठे बघून ठरवलं?"

मी जरा वैतागूनच स्टुडिओत गेले. त्याच संगणकावर त्यातली एक फाइल उघडली आणि प्ले केलं. तबला वाजला, हार्मोनियम वाजली, गायकाचा ट्रॅक मात्र मुका. पडद्यावर आवाजाच्या लाटा दिसताहेत, कानाला काही नाही. स्टुडिओवाल्या दादाला हाक मारली, तर तो हसायलाच लागला. "अगं, तो आवाज बाहेरच्या डब्यातून जाऊन यायचा. डबा मी कधीच विकला. आता तिकडून परत काय येणार?"

ट्रॅकच्या एका खणात "इन्सर्ट ३" एवढंच लिहिलेलं होतं. माझ्या तक्त्यात तो खण मी "रिकामा" धरला होता. खरं तर त्या गाण्यातलं सगळ्यात महत्त्वाचं यंत्र तिथेच होतं.

ही पोस्ट त्या रिकाम्या खणाबद्दल आहे. असा खण सॉफ्टवेअरमध्ये आला कुठून, आणि त्यावरून आपण पुराव्याबद्दल काय शिकायचं, हे समजायला थोडं मागे जावं लागेल.

आधी दोन वाक्यांत कॉम्प्रेसर

आवाज एका ठरावीक पातळीच्या वर गेला की त्याला आपोआप आवरणारं यंत्र म्हणजे कॉम्प्रेसर. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड आणि किती आवरायचं ते प्रमाण म्हणजे रेशो. रेशो ४:१ असेल, तर थ्रेशोल्डच्या ८ डेसिबल वर गेलेला आवाज फक्त २ डेसिबल वर जाऊन बाहेर पडतो. किती झटकन आवरायला लागायचं तो अटॅक, आणि सोडायला किती वेळ घ्यायचा तो रिलीज. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं सगळं कळेल.

हाताची जागा यंत्रानं घेतली

कॉम्प्रेसरची गोष्ट स्टुडिओत सुरू होत नाही. ती सुरू होते अमेरिकेतल्या रेडिओ स्टेशनांत.

मीडियम वेव्हवरच्या, म्हणजे एएम प्रक्षेपणात एक कडक मर्यादा असते. कार्यक्रमाचा आवाज ट्रान्समीटरच्या १०० टक्के मॉड्युलेशनच्या पलीकडे गेला की आवाज फाटतो आणि शेजारच्या स्टेशनच्या हद्दीतही सांडतो. आवाज फार खाली ठेवला तर लांबच्या श्रोत्याला खरखरीखेरीज काही ऐकू येत नाही. म्हणून एक माणूस मीटरवर डोळे आणि नॉबवर हात ठेवून बसलेला असायचा. वक्ता ओरडला की खाली, कुजबुजला की वर. पण माणसाचा हात कितीही सरावाचा असला तरी आवाज आधी येतो आणि हात मागून जातो.

१९३० च्या दशकात हे काम करणारी यंत्रं बाजारात आली. त्यातलं एक प्रसिद्ध नाव म्हणजे वेस्टर्न इलेक्ट्रिकचा १९३७ चा ११०ए. यंत्र शिखरं आवरत असल्यामुळे एकूण पातळी न घाबरता वाढवता येऊ लागली. ती ३ डेसिबलनं वाढवली तरी ट्रान्समीटरची शक्ती दुप्पट केल्यासारखा परिणाम मिळतो, आणि मोठा ट्रान्समीटर घेण्यापेक्षा असलं एक यंत्र घेणं कितीतरी स्वस्त. म्हणजे या यंत्राच्या जन्मामागे सौंदर्यदृष्टी वगैरे काही नव्हती. कायदा, पैसा आणि दमलेला हात ही त्याची कारणं.

याच काळातली आणखी एक गोष्ट इथे नोंदवून ठेवते, पुढे लागेल. १९३९ मध्ये बेल लॅब्ज, सीबीएस आणि एनबीसी यांनी मिळून व्हीयू मीटरचं प्रमाण ठरवलं. टेलिफोनच्या तारांवरून कार्यक्रम एका शहरातून दुसऱ्या शहरात जायचे, आणि सगळ्यांचं माप एकच असल्याशिवाय ते जमणारं नव्हतं. त्या मीटरवरचा शून्य आणि १.२२८ व्होल्ट यांची जोडी तेव्हापासूनची.

रखवालदाराचं वाद्य झालं

रेडिओतून हे यंत्र तबकडी कापणाऱ्यांकडे गेलं. तिथे भीती वेगळी होती. आवाज फार जोरात आला तर खाच शेजारच्या खाचेत घुसते किंवा घरच्या प्लेअरवर सुई उडते. एस्टोनियात जन्मलेल्या राइन नार्मा यांनी रचलेला आणि फेअरचाइल्ड कंपनीनं १९५० च्या दशकाच्या अखेरीस आणलेला ६७० हा कॉम्प्रेसर या कामासाठी होता. २० व्हॅक्यूम ट्यूब, वजन ३० किलोच्या आसपास. स्टिरिओ तबकडीच्या खाचेत डाव्या-उजव्याची बेरीज आडव्या हालचालीत असते आणि फरक उभ्या हालचालीत. ६७० मध्ये डावा-उजवा असं न आवरता आडवा-उभा असं आवरायचीही सोय होती. यंत्राच्या पुढच्या पट्टीवरचा एक खटका बघून ते कुणासाठी बनलं ते कळतं. संशोधनात याला मी "यंत्र वाचणं" म्हणते.

पण यंत्र ज्याच्यासाठी बनतं त्याच्याकडेच राहतं असं थोडंच आहे? लंडनच्या अॅबी रोडवरच्या ईएमआय स्टुडिओत याच घराण्यातला एकपदरी ६६० होता. १९६६ मध्ये बीटल्सच्या 'रिव्हॉल्व्हर'च्या वेळी जेफ एमरिक या विशीतल्या इंजिनिअरनं ड्रमच्या जवळ मायक्रोफोन नेले आणि तो आवाज ६६० मधून असा दाबून काढला, की ड्रमची थाप नव्यानंच ऐकू यावी. रखवालदार म्हणून आणलेलं यंत्र वाद्यासारखं वाजवलं गेलं.

त्याच दशकात कॅलिफोर्नियातल्या टेलेट्रॉनिक्स कंपनीचे जेम्स लॉरेन्स यांनी एलए-२ए बनवला. त्याआधी त्यांनी टायटन क्षेपणास्त्राच्या प्रकल्पात प्रकाश ओळखणाऱ्या संवेदकांवर काम केलं होतं, आणि तेच ज्ञान इथे उतरलं. आवाज वाढला की आत एक पट्टी उजळते. तिच्यासमोरच्या प्रकाशसंवेदी घटकाचा रोध त्या उजेडानं कमी होतो आणि आवाज आवरला जातो. हा घटक अंधारात एकदम पूर्वपदावर येत नाही. बराच वेळ उजेडात राहिला असेल तर तो आणखी सावकाश सावरतो. म्हणजे आत्ता काय झालं यावर आणि थोड्या वेळापूर्वी काय झालं होतं यावरही यंत्राची वागणूक ठरते. त्यावर मुख्य नॉब फक्त दोन: किती आवरायचं आणि किती वाढवायचं. एलए-२ए सुद्धा मुळात प्रक्षेपणासाठीच होता, पण गायकांच्या आवाजावर तो इतका शोभला की स्टुडिओनं त्याला ठेवूनच घेतलं.

१९६७ मध्ये बिल पुटनम यांचा ११७६ आला. ट्यूबच्या जागी फील्ड इफेक्ट ट्रान्झिस्टर. सगळ्यात जलद अटॅक २० मायक्रोसेकंद, म्हणजे सेकंदाचे ५०,००० भाग केले तर त्यातला एक! रेशोसाठी चार बटणं: ४, ८, १२, २०. कुणीतरी चारही एकदम दाबून पाहिली, आणि त्यातून येणारा चिरडलेला, उसळता आवाज इंजिनिअरांच्या इतका आवडीचा झाला की ते एक तंत्रच होऊन बसलं. वापरणाऱ्यानं शोधलेला असा उपयोग तंत्रज्ञानाच्या इतिहासात फार मोलाचा, कारण आराखडे आणि पेटंटं चाळून तो सापडत नाही.

पुढच्या आवृत्तीच्या नावात 'एलएन' ही अक्षरं आली. अर्थ: लो नॉइज, कमी खरखर. हे लक्षात ठेवा. १९७० च्या सुमाराला या यंत्राची अभिमानानं सांगायची गोष्ट होती त्याचा स्वच्छपणा.

निर्णय कुठे साठतो?

आता जरा वेगळ्या कोनातून बघू. मी या सगळ्या काळाला एकच प्रश्न विचारते: कॉम्प्रेशनचा निर्णय झाला, तर त्याचा माग कुठे उरला?

टेपच्या काळात गायकाचा आवाज पुष्कळदा कॉम्प्रेसरमधून जाऊनच टेपवर उतरायचा. एकदा उतरला की उतरला, दाबलेला आवाज पुन्हा सुटा होत नाही. परिणाम टेपवर कायमचा, पण आकड्यांचा पत्ता नाही. टेपच्या खोक्यावर तारीख, टेक, गाण्याचं नाव असतं. अटॅक किती होता ते कुणी कशाला लिहील?

१९७० च्या दशकात ट्रॅक वाढले, मिक्सिंग हे स्वतंत्र काम झालं आणि कॉम्प्रेसर लहान व स्वस्त होत गेले. डेव्हिड ब्लॅकमर यांच्या डीबीएक्स कंपनीचा १९७६ चा १६० हे त्याचं एक उदाहरण. ऑक्सफर्डजवळच्या सॉलिड स्टेट लॉजिकनं ४००० मालिकेच्या कन्सोलमध्ये प्रत्येक चॅनलवरच कॉम्प्रेसर बसवला आणि 'टोटल रिकॉल' नावाची सोय दिली. यात कन्सोलवरच्या नॉबांच्या जागा संगणक लक्षात ठेवायचा. नॉब आपोआप फिरायचे नाहीत बरं का! पडद्यावरचं चित्र बघून ते हातानंच पुन्हा जागेवर आणावे लागत.

नावात 'टोटल' असलं तरी कन्सोलच्या बाहेर रॅकमध्ये लावलेली यंत्रं त्या संगणकाला दिसत नव्हती. त्यांच्यासाठी सहायक पोरगा कागद घेऊन बसायचा. यंत्राचं छापील चित्र, त्यावर पेन्सिलीनं काढलेले नॉबचे काटे. यांना रिकॉल शीट म्हणत. माझा रिकामा खण खरं तर इथेच जन्माला आला. "आतलं यंत्राला ठाऊक, बाहेरचं माणसानं लिहायचं" ही वाटणी सॉफ्टवेअरनं शोधलेली नाही, ती कन्सोलकडून त्याच्याकडे आली.

सॉफ्टवेअर आलं, मग डबे गेले का?

१९८९ मध्ये डिजिडिझाइन कंपनीनं साउंड टूल्स आणि १९९१ मध्ये प्रो टूल्स आणलं. १९९६ मध्ये स्टाइनबर्गच्या क्युबेस व्हीएसटीमुळे वेगळं महागडं कार्ड न घेता साध्या संगणकाच्या प्रोसेसरवर इफेक्ट चालू लागले. इथून पुढे गोष्ट आपण सगळे एकाच सुरात सांगतो: डबे गेले, प्लगइन आले. माझ्या पहिल्या कच्च्या मसुद्यातही अगदी हेच होतं.

आता तारखा बघा. १९९९ मध्ये बिल पुटनम यांच्या मुलांनी वडिलांची युनिव्हर्सल ऑडिओ ही कंपनी पुन्हा उभी केली. तिनं ११७६ आणि एलए-२ए हे डबे नव्यानं बनवायला घेतले. आणि त्याच कंपनीनं त्याच सुमाराला संगणकात बसवायचं यूएडी-१ हे कार्ड आणलं, ज्यावर त्याच दोन यंत्रांच्या सॉफ्टवेअर प्रतिकृती चालत. म्हणजे डबा आणि त्याचं चित्र एकाच घरातून, हातात हात घालून बाजारात आले. प्लगइनमुळे ११७६ चं नाव अशा मुलांना कळलं ज्यांनी तो डबा कधी पाहिलाही नव्हता, आणि डब्याच्या नावावर प्लगइन खपला. ११७६ वरचे अटॅक-रिलीजचे नॉब उलटे आहेत: आकडा वाढला की वेळ कमी होते. पडद्यावर तो गोंधळ सुधारणं सहज शक्य होतं. तरी प्रतिकृतीतही तो तसाच ठेवला, कारण लोकांना यंत्र त्याच्या सवयींसकट हवं होतं.

डेव्हिड एजर्टन या इतिहासकारानं 'द शॉक ऑफ द ओल्ड' या २००६ च्या पुस्तकात हाच आग्रह धरला आहे: तंत्रज्ञानाचा इतिहास शोधांच्या तारखांवरून न लिहिता वापरावरून लिहा, मग "जुनं" समजलेलं किती काळ आणि किती ठिकाणी कामाला येतं ते दिसेल. मी तो एम.ए.ला वाचला होता, परीक्षेत उत्तरही लिहिलं होतं. स्वतःच्या तक्त्यात वापरायला मात्र मुका ट्रॅक ऐकावा लागला.

डबा आणि सॉफ्टवेअर जोडतात कसे?

हा भाग जरा तांत्रिक आहे, पण पुरावा कुठे गळतो ते इथेच कळतं.

सॉफ्टवेअरमधला आवाज म्हणजे आकडे. डब्याला हवेत व्होल्ट. म्हणून ट्रॅकचा आवाज ऑडिओ इंटरफेसच्या एका आउटपुटातून विजेच्या रूपात बाहेर पडतो, केबलनं कॉम्प्रेसरमध्ये जातो, तिथून इंटरफेसच्या इनपुटात परत येतो आणि पुन्हा आकडे होऊन त्याच ट्रॅकवर बसतो. सॉफ्टवेअरमध्ये या फेरीला हार्डवेअर इन्सर्ट किंवा एक्स्टर्नल इफेक्ट म्हणतात. सॉफ्टवेअरला ठाऊक असतं ते इतकंच: अमुक नंबरनं पाठवलं, अमुक नंबरनं घेतलं. मधे काय आहे ते त्याला ठाऊक नसतं. डबा काढला तर परत काही येत नाही, आणि ट्रॅक मुका होतो.

या फेरीत दोन अडचणी येतात. पहिली वेळेची. रूपांतर आणि बफर यांमुळे आवाज थोडा उशिरा परततो. ४८,००० सॅम्पलच्या दरानं २५६ सॅम्पलचा एक बफर म्हणजे ५.३ मिलिसेकंद. एकट्या ट्रॅकला हे जाणवणारही नाही. पण मूळ आवाज आणि दाबलेला आवाज एकत्र मिसळायचे असतील, तर एका मिलिसेकंदाचा फरकही पुरे. दोन्ही सारख्याच पातळीवर असतील तर ५०० हर्ट्झ, १५०० हर्ट्झ, २५०० हर्ट्झ अशा ठिकाणी आवाज एकमेकांना खोडतात आणि कंगव्याच्या दातांसारखी पोकळी पडते. गाणं डब्यात बसून गायल्यासारखं लागतं. उपाय म्हणून सॉफ्टवेअर एक टिचकीसारखा आवाज पाठवून तो किती वेळानं परत येतो ते मोजतं आणि तेवढी भरपाई करतं. काही ठिकाणी हा आकडा हातानं भरावा लागतो.

दुसरी अडचण पातळीची, आणि इथे १९३९ चा तो मीटर परत येतो. व्यावसायिक यंत्रांची सर्वसाधारण पातळी आजही प्लस ४ डीबीयू आहे, म्हणजे तेच १.२२८ व्होल्ट! सॉफ्टवेअरचं माप मात्र वरून खाली मोजतं: शून्य म्हणजे छत, त्याखाली सगळं उणे. हे छत म्हणजे नेमके किती व्होल्ट? युरोपीय प्रक्षेपण संघाच्या प्रमाणानुसार ते प्लस १८ डीबीयूला असतं, अमेरिकी एसएमपीटीईच्या प्रमाणानुसार प्लस २४ ला. म्हणजे पडद्यावर तोच आकडा दिसत असताना एका इंटरफेसमधून बाहेर पडणारे व्होल्ट दुसऱ्याच्या दुप्पट असू शकतात. ११७६ ला थ्रेशोल्डचा वेगळा नॉब नाही, आत आवाज किती जोरात येतो यावरच तो किती दाबणार ते ठरतं. त्यामुळे सेशन तीच, डबा तोच, नॉब त्याच जागी, पण इंटरफेस बदलला की कॉम्प्रेशन बदललं.

आता इतिहासकाराच्या नजरेनं बघा. गाण्याचा आवाज पुन्हा समजून घ्यायला कुठला डबा, कुठले आकडे, कुठला इंटरफेस, तो कसा लावला होता, हे सगळं हवं. सेशन फाइलमध्ये यातलं उरतं काय? "इन्सर्ट ३".

मग प्लगइनचा पुरावा पक्का का?

तसंही नाही. २०१३ मध्ये प्रो टूल्सच्या ११ व्या आवृत्तीनं जुन्या पद्धतीचे प्लगइन घेणं बंद केलं आणि फक्त ६४ बिटचे नवे चालू ठेवले. ज्या प्लगइनची नवी आवृत्ती निघाली नाही, ते तिथेच संपले. जुनी सेशन नव्या संगणकावर उघडली की प्लगइनचं नाव दिसतं, आवाज नसतो. पन्नास वर्षांपूर्वीचा डबा एखादा कसबी माणूस सोल्डरिंग गन घेऊन चालू करून देतो, पण २००५ चा प्लगइन चालू करायला तेव्हाचा अख्खा संगणक लागतो. उलट डबाही म्हातारा होतो. ट्यूब थकतात, एलए-२ए मधला प्रकाशसंवेदी घटक मंदावतो, आणि आज वाजणारा जुना डबा १९६८ मध्ये असाच वाजत होता असं छातीठोकपणे म्हणता येत नाही.

म्हणजे डब्याचा परिणाम उरतो पण आकडे हरवतात, प्लगइनचे आकडे उरतात पण परिणाम हरवू शकतो. दोन्ही पुरावे अर्धे, आणि अर्धेपण वेगळ्या बाजूचं.

लोक अजून डबा का लावतात?

विचारलं की पहिलं उत्तर येतं: "आवाज वॉर्म येतो." यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. ट्यूब आणि ट्रान्सफॉर्मर आवाजात थोडी विकृती मिसळतात, ती मोजता येते आणि कानाला गोडही लागू शकते. पण ती विकृती सॉफ्टवेअरलाही बऱ्यापैकी साधते, त्यामुळे एवढ्या उत्तरानं भागत नाही. शिवाय 'एलएन' आठवतंय ना? ज्या यंत्राचं नाव स्वच्छपणावरून ठेवलं, त्याचंच कौतुक तीस वर्षांनी त्याच्या "रंगा"बद्दल होऊ लागलं. यंत्र तेच, ते कशाच्या तुलनेत ऐकलं जातं ते बदललं. टेपच्या खरखरीशेजारी ते स्वच्छ होतं, संगणकाशेजारी रंगीत ठरलं. म्हणून "वॉर्म" हा शब्द मुलाखतीत आला की मी तो यंत्राच्या गुणांत लिहीत नाही, बोलणाऱ्याच्या काळाची साक्ष म्हणून नोंदवते.

दुसरं उत्तर मला जास्त पटतं, आणि ते मला त्या दादानंच दिलं. डबा एकच असतो. प्लगइन पन्नास ट्रॅकवर लावता येतो, डबा एका वेळी एकावरच. चार ट्रॅकवर हवा असेल तर चार फेऱ्या करायच्या आणि दर वेळी परत आलेला आवाज नव्या ट्रॅकवर उतरवून ठेवायचा. प्लगइनवालं चार मिनिटांचं गाणं संगणक काही सेकंदांत बाहेर काढतो. डबा लावलेलं गाणं चार मिनिटंच घेतं, आणि ती चार मिनिटं माणूस ते ऐकत बसतो. दादा म्हणाला, "त्या चार मिनिटांत मला चुका ऐकू यायच्या." उतरवून झालं की निर्णय झाला, रात्री तीन वाजता परत अटॅक चिवडत बसायची सोय नाही. टेपच्या काळात जी सक्ती होती, ती इथे माणसानं आपणहून पत्करलेली आहे.

गंमत अशी की ज्या यंत्राचा जन्म माणसाचा हात मोकळा करायला झाला, ते आता हात पुन्हा नॉबवर यावा म्हणून ठेवलं जातंय.

तुमच्या संशोधनासाठी यातून काय घ्याल?

तुमचा विषय कॉम्प्रेसर नसेलच. तरी चार गोष्टी सांगते.

एक. पुराव्याचं साधन काय नोंदवू शकतं आणि काय नोंदवूच शकत नाही, याची यादी तक्ता बनवण्याच्या आधी करा. नोंद नाही म्हणजे घटना नाही, हे समीकरण फार सहज डोक्यात शिरतं. जमाखर्चाच्या वहीत घरच्या बाईचे कष्ट नसतात. म्हणून ते नव्हतेच का?

दोन. "रिकामं" आणि "माहीत नाही" यांना तक्त्यात वेगळे रकाने ठेवा. मी दोन्हींना शून्य लिहिलं होतं, आणि एकदा शून्य लिहिलं की त्याची बेरीजही होते.

तीन. फाइल वाचू नका, चालवून बघा. मी यादी करण्यात रमले होते. एक ट्रॅक वाजवला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुमच्याकडे जुनं यंत्र, पाककृती, नकाशा काहीही असो, शक्य असेल तिथे वापरून बघा.

चार. माणसांना विचारा, आणि लवकर विचारा. डबा विकला गेला, रिकॉल शीट रद्दीत गेल्या. ते सेटिंग आता फक्त दादाच्या डोक्यात आहे, आणि तोही म्हणतो, "बहुतेक ४:१ असेल, पण लिहिताना बहुतेकच लिही."

माझं ते वाक्य प्रकरणात आता असं आहे: "उपलब्ध सेशन फाइलींमध्ये गायनाच्या ट्रॅकवर कॉम्प्रेसर प्लगइन क्वचितच आढळतो. यांपैकी अनेक ट्रॅकवर बाहेरील यंत्राची जोडणी होती, तिचे तपशील फाइलीत उरलेले नाहीत." पहिल्या वाक्याइतकं ते ठसकेबाज नाही. मॅडमनी मात्र या वेळी समोर काहीच लिहिलं नाही, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ "पुढे जा" असा होतो.

पुढच्या पोस्टमध्ये मुलाखतीची तयारी कशी करायची ते बघू. तोवर तुमच्या तक्त्यातलं एखादं शून्य जरा वाजवून बघा.